सोडलेल्या चार ओळी

अमरावतीच्या विश्रामगृहाच्या व्हरांड्यात आज सकाळी एका म्हातारीनं मला ‘गुरुजी’ म्हटलं. चौतीस वर्षं मी पोलिसात काढली. लोकांनी जमादार म्हटलं, साहेब म्हटलं, पाठीमागं जे म्हणायचं तेही म्हटलं असेल, पण गुरुजी कुणी म्हटलं नव्हतं. तिची चूक नव्हती. खिशाला दोन पेन, नाकावर चष्मा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्यावर केस म्हणावेत असं फारसं उरलेलं नाही, आणि मिशी काढली त्यालाही पाच वर्षं झाली. “गुरुजी, एवढं वाचून द्या न मले,” म्हणून तिनं प्लास्टिकच्या पिशवीतून एक कागद काढला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला. मानवी हक्क आयोगाची नोटीस होती. माझ्या खिशातही तीच नोटीस चार घड्या घालून ठेवलेली होती. मी चष्मा उगाचच पुसला. अर्जदार म्हणून जे नाव होतं ते वाचायच्या आधीच मी तिला ओळखलं होतं. कपाळावरच्या हिरव्या गोंदणावरून ओळखलं. मैनाबाई बोचरे. अकरा वर्षांपूर्वी ती आमच्या ठाण्यात माझ्या टेबलापुढं उभी होती, आणि मी रजिस्टरातून मान वर न काढता तिला सांगितलं होतं, “तिकडं खाली बस.”

मी वाचलं. आवाज नेहमीसारखा काढायचा प्रयत्न केला. मुंबईचा आयोग अमरावतीला येऊन बसणार आहे, अर्जदारानं सकाळी अकराला हजर राहावं, सोबत कागदपत्रं आणावीत, वकील असायलाच पाहिजे असं नाही. तिचे ओठ माझ्यासोबत हलत होते. शेवटी एक ओळ होती, साक्षीदार सूर्यभान गावंडे, तत्कालीन हवालदार. ती ओळ मी वाचली नाही. “बस, एवढंच हाय माय,” म्हणालो आणि कागद परत दिला. तिनं तो घडीवर घडी बसवून पिशवीत ठेवला. पिशवीत अकरा वर्षांची पत्रं होती, सगळी आयोगाची. “माहा नंबर हाय,” ती म्हणाली, आणि अर्जाचा क्रमांक, तिरप्या रेघेसकट, लहान मूल पाढा म्हणतं तसा तिनं म्हणून दाखवला. वाचता येत नाही, पण नंबर पाठ! “आमच्या गीतांजली बाईनं लिवून देला व्हता अर्ज. साध्या कागदावर, फुकट. बाईले आज परीक्षेची ड्यूटी हाय, म्हणून मी एकलीच आली. मले काई नाई पायजे गुरुजी. माहा श्याम सोमवारी तथी व्हता, एवढं सरकारच्या कागदावर लिवून पायजे. बाकी त्याइचं त्याइले लखलाभ.” मी मान हलवली. तो सोमवारी तिथं होता की नाही हे जगात नक्की सांगू शकणारी चार माणसं होती. त्यातला एक श्याम. एक आमचे ठाणेदार. एक शिपाई, तो वारला. चौथा तिच्या शेजारी बसून चष्मा पुसत होता.

माझ्या अक्षराबद्दल मी बोलायला लागलो की रुख्मिणी, म्हणजे आमची मंडळी, उठून स्वयंपाकघरात जाते. जाऊ दे. अक्षर हीच माझी कमाई. अकोल्यात बदली होऊन येणारा प्रत्येक नवा अधिकारी तपासणीला आला की स्टेशन डायरी उघडायचा आणि विचारायचा, हे कोण लिहितं? ठाण्यात चोवीस तासांत जे जे घडेल, कोण आलं, कोण गेलं, कुणाला आणलं, कुणाला सोडलं, ते सगळं वेळेनिशी त्या रजिस्टरात लिहायचं. मी घरी आणि बाजारात वऱ्हाडीच बोलतो, कुणाला बोचत असेल तर बोचो. पण डायरीत माझी भाषा अशी असायची की पुण्याच्या माणसानंही कान पकडावेत. आणि माझी एक शिस्त होती. नोंद संपली की शेवटच्या शब्दापासून पानाच्या काठापर्यंत पट्टीनं रेघ ओढायची, म्हणजे मागाहून कुणाला काही घुसवता येऊ नये. बाकीचे हवालदार हसायचे. पण नवी पोरं भरती होऊन आली की साहेब त्यांना माझी डायरी दाखवायचे, बघा, असं लिहायचं. त्या ठाण्याचं नाव मी इथं घेत नाही. आजही तिथं चांगली पोरं काम करतात, त्यांच्या कपाळी माझं पाप कशाला?

श्याम रंगारी होता. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. बडनेऱ्यापासून बाळापूरपर्यंत त्याच्या हातची पाटी मी लांबून ओळखायचो, कारण त्याच्या अक्षरांना खाली बसायला जागा असायची, पुढं पळत नसायची. त्या वर्षी वरून पत्र आलं की अटक झालेल्या माणसाचे हक्क ठाण्याच्या दर्शनी भिंतीवर मराठीत, मोठ्या अक्षरात लावा. मानवी हक्कवाल्यांची भानगड, साहेब म्हणाले, कुणाला तरी बोलाव आणि उरकून टाक. मी श्यामला बोलावलं. दोन दिवस तो शिडीवर होता आणि मी खालून सांगत होतो. पहिलं कलम, दुसरं कलम. चौथं कलम असं की अटक केलेल्या माणसाच्या नातेवाइकाला ताबडतोब कळवण्यात येईल. मी सांगायचो, तो रंगवायचा, मग दोघं रस्त्यापलीकडं जाऊन पाहायचो. इतकं देखणं काम झालं होतं की खरं सांगतो, मला स्वतःचाच अभिमान वाटला. चहा घेताना त्यानं माझी डायरी पाहिली. “ही रेघ कायले वढता जी?” मी सांगितलं, मागून कोणी काही घालू नये म्हणून. तो म्हणाला, “लय भारी. आमच्या धंद्यात असं नाई. माह्या पाटीवर कोनीबी पोस्टर चिटकवते.” आम्ही दोघं हसलो. दोन अक्षरवाले भेटले की असंच होतं.

आणि चार महिन्यांनी त्याच श्यामला आणलं. शेतातली मोटर चोरीला गेली होती, मालक वजनदार होता, संशय कुणावर तरी टाकायचा होता, आणि श्याम त्या आठवड्यात त्याच गावात पाटी रंगवत होता. एवढाच त्याचा गुन्हा. सोमवारी दुपारी त्याला मागच्या खोलीत बसवलं. मी डायरी ओढली, वेळ घातली, तेवढ्यात ठाणेदार साहेब माझ्या मागं येऊन उभे राहिले. “सूर्यभान, चार ओळी सोडून पुढं लिही.” ही रीत प्रत्येकाला माहीत असते आणि कुणीच तिचं नाव घेत नाही. जागा सोडायची. माणूस आणला खरा, पण आणल्याचं लिहायचं नाही. पुढं जसं लागेल तसं त्या जागेत बसवायचं. मी याआधी कधी सोडली नव्हती. माझ्या पाळीत साहेब लोक ते काम दुसऱ्याला सांगायचे, सूर्यभानची डायरी खराब होऊ नये म्हणून, आणि मी समजायचो की मी धुतल्या तांदळासारखा आहे. त्या दिवशी दुसरं कुणी नव्हतं. मी चार ओळी मोजून सोडल्या. हात कापला वगैरे काही नाही. हात नेहमीसारखाच चालला, याचीच मला अजून चीड येते.

मंगळवारी सकाळी पाणी द्यायला मी मागं गेलो तर श्याम भिंतीला टेकून बसला होता, उजवा हात मांडीवर ठेवून, आणि तो हात जिथं वाकू नये तिथं वाकला होता. तो रडला नाही, ओरडलाही नाही. म्हणाला, “जमादार साहेब, चार नंबर वाचा न. माह्या मायले सांगा.” मी म्हणालो, गप बस. त्याच दुपारी मैनाबाई आली, फडक्यात भाकरी बांधून. माझ्याहून दहा पावलांवर तिचा पोरगा होता आणि मी मान वर न काढता म्हणालो, “अथी नाई तुहा पोरगा. तिकडं खाली बस.” ती संध्याकाळपर्यंत बसून राहिली, ज्या भिंतीवर चौथं कलम होतं तिच्याच खाली. तिला वाचता येत नव्हतं. मला येत होतं. गुरुवारी त्याला अटक दाखवली, पळताना कुंपणावरून पडून हात मोडला असं ठरलं, आणि साहेबांनी मला त्या चार ओळी सांगितल्या: संशयित श्याम बोचरे याचा त्याचे राहते घरी शोध घेतला, मिळून आला नाही. साडेतीन ओळी भरल्या. पेन टोपणात घातलं. घरी जाऊन जेवलो. पुढं कोर्टात तो सुटला, मोटर दुसऱ्याच्याच विहिरीत सापडली, पण हात गेला तो गेलाच. आता सुरतेला एका गोदामावर राखणदार आहे, हे मैनाबाईनंच मला व्हरांड्यात सांगितलं. “डाव्या हातानं सही शिकला,” ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात केवढा अभिमान होता!

गेल्या आठवड्यात साहेबांचा फोन आला. तेही आता निवृत्त आहेत, पण आवाज अजून खुर्चीवरच बसलेला. “सूर्यभान, अकरा वर्षं झाली. माणसाला काल काय खाल्लं ते आठवत नाही. आठवत नाही म्हणायचं, सही करायची, घरी यायचं. आयोग काय करतो रे? शिफारस करतो. शिफारशीनं कुणाचं काय वाकडं झालंय? पण तुझं नाव मात्र पेपरात येईल, अक्षरासकट.” शेवटचा शब्द त्यांनी नेमका मारला. पोलिसाला माणसाची नस सापडते. रात्रंदिवस तो एक शब्द डोक्यात घुमत राहिला. पेपरात माझं पान छापून येणार, ज्या पोरांना माझी डायरी दाखवली ती आता अधिकारी झालेली, ती चहा पिता पिता म्हणणार, हाच तो रेघवाला. आज निघताना रुख्मिणीनं डबा हातात दिला आणि विचारलं, “काय सांगान तुमी तथी?” मी म्हणालो, पाहू. ती म्हणाली, “आठवत नाई म्हणसान, तर घरी आल्यावर मी भाकर कोठी ठेवली तेबी आठवू नका.” बाई तोंडाची फटकळ, पण तिला मी त्या गुरुवारची गोष्ट कधी सांगितली नव्हती. तिला कशी कळली? अकोल्यापासून बडनेऱ्यापर्यंत गाडीत मी हाच विचार करत बसलो होतो. खिडकीबाहेर तुरीच्या कापणीनंतरची काळी रानं होती. मग आठवलं, त्या गुरुवारनंतर घरातली दुधाची, किराण्याची वहीसुद्धा मी लिहायची सोडली होती. तिच्या नजरेतून ते सुटलं नसणार.

अकरा वाजता पुकारा झाला. शिपायानं दारात येऊन म्हटलं, “श्रीमती मैनाबाई बोचरे, आत या.” श्रीमती! म्हातारीनं आधी इकडंतिकडं पाहिलं, आणखी कुणी मैनाबाई आहे का ते. मग पदर सावरला आणि अशी आत गेली की ग्रामपंचायतीच्या सरपंचिणीनं पाहून शिकावं. आत लांब टेबल, कुलरची घरघर, मधोमध आयोगाच्या सदस्य मॅडम, पूर्वी न्यायाधीश होत्या म्हणे. मैनाबाई सवयीनं भिंतीकडं सरकली आणि खाली बसायला लागली. मॅडम म्हणाल्या, “आजी, खाली नाही, खुर्चीवर बसा. तुमच्याच अर्जासाठी आम्ही आलोय.” शिपायानं खुर्ची पुढं ओढली. ठाणेदार साहेबांचे वकील उभे होते, त्यांना मॅडमनी उभंच ठेवलं, आणि मैनाबाई बसली. एवढीशी गोष्ट. पण मी चौतीस वर्षं ज्या खोलीत काढली तिथं हे उलटं व्हायचं. मला वाटलं होतं मला लाज वाटेल. लाज वाटलीच, पण तिच्याआधी, का कोण जाणे, ऊर भरून आला. हे माझ्याच सरकारचं आहे, ह्याही टेबलावर तीच तीन सिंहांची मुद्रा आहे जी माझ्या टोपीवर होती, असं काहीतरी वाटून गेलं.

मग माझं नाव पुकारलं गेलं, पूर्ण, हुद्द्यासकट. मी उठून पुढं गेलो. मैनाबाईकडं पाहायची छाती झाली नाही. टेबलावर माझी डायरी होती. अकरा वर्षांनी भेटली, कोपरे झिजलेले, पण शाई तशीच. मॅडमनी विचारलं, हे अक्षर तुमचं? मी हो म्हणालो. “सुंदर आहे,” त्या म्हणाल्या, आणि मी मूर्खासारखा सुखावलो. मग त्या म्हणाल्या, “आमच्या तपास अधिकाऱ्यांनी हे रजिस्टर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. प्रत्येक नोंदीनंतर तुम्ही काठापर्यंत रेघ ओढली आहे. फक्त एका नोंदीनंतर नाही. सोमवारची, दुपारची. असं का?” वकील पुढं झाले, एवढ्या जुन्या गोष्टी साक्षीदाराला आठवत नसणं स्वाभाविक आहे, वगैरे. मॅडमनी हात वर केला. “त्यांना सांगू द्या.” मी पान पाहिलं. खरंच रेघ नव्हती. साडेतीन ओळी, आणि मग अर्धी ओळ कोरी. मला हे माहीतच नव्हतं. माझं सगळं लिखाण पानन् पान कुणीतरी वाचलं होतं. साहेब लोक पहिलं पान पाहायचे, वा म्हणायचे, मिटायचे. मी काय लिहिलं हे चौतीस वर्षांत कुणी वाचलं नव्हतं, कसं लिहिलं तेवढंच पाहिलं होतं. आणि ज्या आयोगवाल्यांना दात नाहीत म्हणून सगळे हसतात, त्यांनी बसून ते वाचलं, एका न वाचता येणाऱ्या बाईसाठी, आणि एक न ओढलेली रेघ शोधून काढली. त्या क्षणी मला साहेबांच्या फोनची भीती राहिली नाही. त्या अनोळखी तपास अधिकाऱ्याला एकदा भेटावं आणि हात मिळवावा असं मात्र फार वाटलं.

“ही नोंद गुरुवारी लिहिली,” मी म्हणालो. “सोमवारी साहेबांच्या सांगण्यावरून मी इथं चार ओळींची जागा सोडली. श्याम बोचरे सोमवारी दुपारपासून ठाण्यातच होता. त्याचा हात कुंपणावरून पडून मोडलेला नाही. मंगळवारी सकाळी मी तो मोडलेला पाहिला. मंगळवारी त्याची आई आली, तिला मी खोटं सांगितलं.” टायपिस्टच्या बोटांचा आवाज थांबला तेव्हा कुलर फार मोठ्यानं वाजायला लागला. मॅडमनी विचारलं, “रेघ तुम्ही मुद्दाम सोडली होती? कुणाच्या तरी लक्षात यावं म्हणून?” मोह झाला. खोटं नाही बोलत, फार मोह झाला. हो म्हटलं असतं तर मी एका शब्दात त्या डायरीचा नायक झालो असतो, पेपरातही तसंच आलं असतं. पण एकाच पानावर दोनदा खोटं लिहायचं? “नाही मॅडम,” मी म्हणालो. “विसरलो. लाज वाटत होती, म्हणून हात लवकर उचलला.” त्यांनी डायरी मिटली. मग म्हणाल्या, जबाब टाइप होतोच आहे. मी विचारलं, हातानं लिहून दिलं तर चालेल का. त्या म्हणाल्या, चालेल, सोबत जोडून घेऊ.

मी लिहिलं. कोपऱ्यातल्या टेबलावर, खिशातल्या पेननं. पहिल्या शब्दाला हात जड होता, तिसऱ्या ओळीपर्यंत मोकळा झाला. मॅडम तोवर मैनाबाईला समजावत होत्या, की अहवाल शासनाकडं जाईल, आम्ही शिक्षा करत नाही, शिफारस करतो, वेळ लागेल. मैनाबाई म्हणाली, “लागू द्या न बाई. अकरा सालं लागले. पन लिवलं न त्यानं?” लिहून झाल्यावर मी मॅडमची परवानगी घेतली आणि कागद घेऊन तिच्यापुढं गेलो. आता तिच्याकडं पाहणं भाग होतं. शिव्या देईल, थुंकेल, काहीही करेल, मी तयार होतो. तिनं वर पाहिलं. “सकाळीच समजलं मले,” ती म्हणाली. “गीतांजली बाईनं तो कागद तीन डाव वाचून देला व्हता. पाठ हाय मले. शेवटी जमादाराचं नाव हाय. तुमी तेवढी ओळ सोडली.” मग बाजूची खुर्ची तिनं हातानं माझ्याकडं सरकवली. “बसा. आता पुरं वाचा. थांबा, माह्या पोराले आयकू द्या.”

तिनं कनवटीचा फोन काढला, मधलं बटण दाबून ठेवलं, तिला तेवढंच येत असावं. सुरतेहून आवाज आला, “हाव माय.” ती म्हणाली, “आयक. जमादार वाचून राहिले.” मी वाचलं. मी, सूर्यभान गावंडे, तत्कालीन हवालदार, इथपासून सुरुवात केली आणि एकही ओळ सोडली नाही. सोमवारी दुपारी तो ठाण्यात होता हे वाचताना मैनाबाईनं डोळे मिटले आणि मान डोलावली, तिच्या नंबरासारखंच हेही ती पाठ करून ठेवत होती. वाचून संपलं. पलीकडं कुठंतरी ट्रक मागं घेत असल्याचा आवाज येत होता. मग श्याम म्हणाला, “हातानं लिवलं का टाइप केलं जी?”

“हातानं,” मी म्हणालो.

“मंग शेवटी रेघ वढली का?”

“वढली,” मी म्हणालो. “पार काठापर्यंत.”